अण्णानं सांगितलेला अश्शूर

वडगावात माग चालवण्यात माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, पण आमचं शास्त्र, बायबल, बोट ठेवून का होईना वाचता येतं. शेजारच्या मागावर अण्णा असायचा. सख्खा भाऊ नव्हे, तरी माझ्या लग्नात माझ्या बाजूनं तोच उभा राहिलेला. बायको हुक्केरीकडची, माहेरी कानडी बोलणारी. लग्न झाल्यापासून ती माझ्याबरोबर मराठी मंडळीत उपासनेला बसली, अण्णाला भाऊ म्हणाली. नाताळाचं पहिलं ताट त्याच्या घरी जायचं. प्रार्थना मात्र ती कानडीतच करायची. देवाला काय, सगळंच कळतं.

आमच्याकडं एकाच ख्रिस्ती देवळात दोन मंडळ्या. सकाळी मराठी, ती सुटली की कानडी. गेल्या वर्षी कानडीवाले वाढले म्हणून वरच्यांनी सकाळची वेळ त्यांना दिली आणि आम्हाला दुपारच्या उन्हात ढकललं. आमची माणसं लई चिडली. मीही चिडलो. त्या रविवारी पाळक गावाला गेलते, म्हणून मंडळीनं निवडलेला वडील या नात्यानं अण्णा बोलायला उभा राहिला. त्यानं अश्शूराची गोष्ट काढली. देवाची माणसं देवाला विसरली, गरिबाला नाडायला लागली, तेव्हा देवानं अश्शूर हे लांबचं परकं राष्ट्र काठीसारखं हातात घेतलं आणि आपल्याच माणसांना बडवलं. इथपर्यंत बरोबर होतं. मग म्हणाला, "आज आपल्यावर पण अश्शूर आलाय. थोडा आपल्यात येऊन बसलाय पण."

माना बायकांच्या बाजूला वळल्या. तिथं माझी बायको बसली होती.

 घरी तवा ठेवताना ती म्हणाली, "अवं, अश्शूराच्या हातची भाकरी चालंल न्हवं?"

"गप गं. त्याच्या तोंडाला लगाम न्हाय."

"न्हाय, इचारलेलं बरं. इतकी वरसं न इचारताच खाल्लीसा."

हसली. पण त्या दिवशी स्वतः जेवली नाही.

संध्याकाळी तिनं मला पुढचं वाचायला लावलं. पुढं असं आहे की काठीला वाटलं, मारणारी मीच. मग देवानं त्या राष्ट्राचाही माज उतरवला. आणि संदेष्टा परक्याकडं बोट करायच्या आधी आपल्याच लोकांची पापं त्यांच्या तोंडावर सांगतो. आमचं काय चुकलं, ते अण्णानं गाळलं होतं. मी जाऊन त्याला तसं बोललो. तो म्हणाला, "तुझ्या घरचं हाय, म्हणून तुला टोचतंय."

पावसाळा सरता सरता तिला कावीळ झाली ती उतरेना. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. अंथरुणावरून ती म्हणाली, "अण्णाला बोलवा. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू दे."

"तुझ्या कानडी पाळकांना सांगू?"

"त्येबी येऊ देत. पर अण्णा पायजे."

अण्णाचं घर दोन गल्ल्या पलीकडं. तो पायरीवर बसून पेपर बघत होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सध्या मंडळीत वातावरण बरं न्हाय. मी गेलो तर लोक म्हणतील, अण्णा फिरला. तिची माणसं हायत की, त्यांस्नी बोलीव."

"मरायला लागलीया रं ती."

"जरा निवळू दे. येतो."

येतो म्हणालाय, एवढंच मी तिला सांगितलं. तिनं अंथरूण दाराकडं तोंड करून घालायला लावलं. पाय वाजला की डोळे उघडायची. ज्यांना अण्णा अश्शूर म्हणाला होता ते आले, उशाशी बसून गायले, नंतर खांदाही त्यांनीच दिला. अण्णाची वाट बघतच ती गेली.

तिसऱ्या दिवशी कबरीवर फुलं घालायला अण्णा आला. पांढरा शर्ट, मागं आमची सगळी मराठी मंडळी. त्यानं डोळे मिटून "हे प्रभू" म्हटलं.

मी म्हटलं, "थांब. ही प्रार्थना तिनं जित्तेपणी मागितलीती."

"देवाची इच्छा रं," तो म्हणाला.

शास्त्रात तो देव शीळ घालतो आणि पृथ्वीच्या टोकाहून राष्ट्रं धावत येतात, घोड्यांसकट, रथांसकट. त्याला पायरीवरचा एक म्हातारा उठवून माझ्या दारापर्यंत आणता आला नाही. का आणायचाच नव्हता? हे मी कानडी पाळकांना विचारलं. ते माझा हात धरून बसले.

आता मी सकाळी जात नाही आणि दुपारीही जात नाही. रविवारी अण्णा देवळाला जाताना दाराशी थांबून हाक मारतो. मी आत असतो. कडी काढत नाही.