खडकावरची जागा

आमच्या ह्यांचा दिवसभराचा धंदा ओळखपत्राच्या फोटोंचा. "हनुवटी वर, डोळे उघडे," एवढं बोलून संध्याकाळी घसा बसलेला असतो. पण चांदणं पडलं, की कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून हे निघाले समुद्रावर. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, खूळ आहे, जाईल. कसलं जातंय!

रात्रीच्या फोटोला शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं. लाटांचं धुकं होतं, चालता माणूस तर दिसतच नाही. गप्प बसेल तोच उमटतो. एकदा हे शटर उघडून समोरच्याच खडकावर टेकले. दमलेला जीव, लागला डोळा! फोटोत एक पाठमोरी, पुसट आकृती आली. फोटो वाया गेला म्हणून हे हळहळत होते, तोच सासूबाईंनी तो हातातून ओढून घेतला. "आला गं बाई माझा थोरला!"

थोरल्या दिरांना त्याच खडकावरून लाटेनं नेलं होतं. ते सापडलेच नाहीत. खरं सांगायची ह्यांची छाती झाली नाही. मग काय, आईसाठी दर चांदण्या रात्री मुद्दाम जाऊन बसायला लागले. "अहो, लाट आली तर?" मी विचारायची. "हललो तर फोटो बिघडतो," हे उत्तर! कपाळ माझं! हे घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

शेवटी एका संध्याकाळी मी सासूबाईंना सांगून टाकलं, "आई, फोटोत बसतात ते हे आहेत. तुम्हीच थांबवा त्यांना."

त्या जराही दचकल्या नाहीत. "पोटचं पोर ओळखायला मला वेळ लागतो होय? दुसऱ्या फोटोतच कळलं. त्याला म्हणावं, ऊठ तिथून. हा जागा अडवून बसला, तर थोरला यायचा कुठं?"

मागं वळले, तर हे दारात उभे, खांद्यावर स्टँड. सगळं ऐकलेलं. स्टँड कोपऱ्यात ठेवला आणि हात धुऊन जेवायला बसले.

त्यानंतर हे खडकावर गेले नाहीत. मला हवं होतं तेच झालं, देव पावला म्हणायचं. पण आता स्वतःच्या घरात खुर्चीवर टेकायच्या आधी हे घुटमळतात आणि हळूच विचारतात, "इथं कुणी बसायचंय का?"