रांगेने घ्या, याकोबभाऊ

एस्तेर साळवे मॅडमची आणि माझी ओळख तक्रारीतून झाली. मी तेव्हा चर्चमध्ये सेवक होतो. दार उघडणं, बाकं पुसणं, घंटा वाजवणं ही माझी कामं. एका रविवारी उपासना संपल्यावर एक शिडशिडीत बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज घंटा चार मिनिटं उशिरा झाली."

मी म्हणालो, "बाई, देवाले चार मिनिटानं काय फरक पडते?"

"देवाला नाही पडत. दाराबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना पडतो."

घंटा झाल्यावरच दार उघडायची माझी पद्धत होती. पुढच्या रविवारी मॅडमनी भिंतीवरचं एक घड्याळ आणून दिलं, आणि त्यानंतर दर रविवारी माझ्याकडे न पाहता त्या घड्याळाकडे पाहत आत जाऊ लागल्या. मला वाटलं होतं, ते वर्षभरात बंद पडेल. ते अजून चालतं.

मॅडमना या महिन्यात पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव-अंकासाठी मी लिहावं असा मंडळींनी आग्रह धरला. माझं शिक्षण पाचवीपर्यंत. मॅडमनी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं. हा अंक हातात पडल्यावर त्या आधी चुका शोधणार हे मला ठाऊक आहे, त्यामुळे आठ दिवस झोप नीट लागलेली नाही. तरी लिहितो, कारण मॅडमनी मला जितका त्रास दिला तितका दुसऱ्या कोणाला दिलेला नाही, आणि तो नोंदवला गेला पाहिजे.

साथीच्या काळात चर्चला कुलूप लागलं. मला काम उरलं नाही. मॅडमनी मोबाईलवर बायबल अभ्यासाचा ग्रुप सुरू केला. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. ख्रिस्ती असो नसो, ज्याला वाचायचं आहे आणि विचारायचं आहे त्याने यावं. नियम दोनच. "आमच्या पाळकसाहेबांनी असं सांगितलं" हे म्हणायचं नाही, पानावर काय लिहिलं आहे ते सांगायचं. आणि प्रश्नाला हसायचं नाही.

मॅडम माझ्या घरी आल्या आणि माझ्या हातात मोबाईल देऊन म्हणाल्या, "तुम्ही दार उघडत होता ना? हेही दार आहे." मीटिंगमध्ये येणाऱ्याचं नाव आधी बाहेर दिसतं. त्यापुढचं अॅडमिटचं बटण दाबलं की माणूस आत. ते बटण दाबायचं काम माझं. बायकोने दोन दिवस शेजारणीला सांगितलं, की यांच्याकडे आता लोकांले अॅडमिट करायचं काम आहे. शेजारीण डबा घेऊन विचारपूस करायला आली.

ते शिकवायला मॅडम सलग अकरा दिवस प्रताप नगरातल्या त्यांच्या घरून चालत आमच्याकडे येत. मी बोट जोरात दाबत असे. त्या म्हणत, "घंटा नाही ही, याकोबभाऊ." एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, निदान रागावता आलं असतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमची मुलगी रूथ हिने काटोलच्या नितीनरावांशी कोर्टात लग्न केलं. ते हिंदू शेतकरी कुटुंबातले, घरची संत्र्याची बाग, स्वतः इथे मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. मी लग्नाला गेलो नाही. रूथ घरी आली तर एकटीच वर येई. नितीनराव खाली कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी मोटारसायकलवर बसून राहत. बायको खिडकीतून पाही आणि मला ऐकू जाईल असं म्हणे, "तो पोट्टा घंटाभरापासून उन्हात उभा आहे. काहून असे करता तुम्ही?" मी पेपर वाचत असे.

आणि एका गुरुवारी मोबाईलवर बाहेर नाव दिसलं, "नितीन, काटोल".

मी बटण दाबलं नाही. मला काळजी होती. हे काहीतरी विचारतील, कोणीतरी काहीतरी बोलेल, उद्या काटोलचे लोक म्हणतील की सासऱ्याने पोराला बाटवलं, आणि आमचे लोक म्हणतील की याकोबच्या घरात काय चाललं आहे. ते नाव सव्वा तास तसंच राहिलं. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा आलं, तिसऱ्या गुरुवारीही. मॅडमनी विचारलं, "बाहेर कोणी आहे का?" मी म्हणालो, "कोणी नाही." बायबलच्या अभ्यासात बसून मी हे बोललो.

चौथ्या गुरुवारी मॅडमनी प्रार्थना घेतली, "मी जरा येते" म्हणाल्या आणि पडद्यावरून गेल्या. थोड्या वेळाने बाहेरच्या यादीत "नितीन, काटोल" याच्या खाली दुसरं नाव आलं, "एस्तेर साळवे". मी घाबरून बायकोच्या फोनवरून त्यांना फोन लावला.

"मॅडम, तुम्ही बाहेर पडल्या."

"हो."

"थांबा, घेतो तुम्हाला आत."

"मी दुसऱ्या नंबरवर आहे. रांगेने घ्या, याकोबभाऊ."

रूथने त्यांना सांगितलं असणार. मी फक्त मॅडमच्या नावापुढचं बटण दाबलं. त्या आत आल्या, पडद्यावरची सगळी तोंडं पाहिली आणि पुन्हा निघून गेल्या. पुन्हा यादीत दुसऱ्या नंबरवर जाऊन बसल्या. बावीस माणसं माझ्याकडे पाहत होती. कोणाचा तरी कुकर शिटी देत होता. आतून बायको म्हणाली, "दाबा ना आता ते. साऱ्या लोकाईले ताटकळत ठेवून राहिले."

मी दाबलं. नितीनराव ऑफिसच्या पार्किंगमध्ये हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "नमस्कार, मामाजी." पाठोपाठ मॅडम आल्या आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "योनाचं पुस्तक. पहिलं वाचन नितीनरावांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन मोबाईल टेबलावर ठेवला. "तुमचं दार तुम्ही सांभाळा," म्हणालो. "बावीस लोकांत माझी शोभा केली. आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

"नाही."

"मग? चहात साखर किती?"

गणिताच्या बाईंशी भांडू नये. मी मोबाईल घेऊन परत आलो.

योनाचं पुस्तक चार अध्यायांचं. मॅडमनी त्याला चार महिने लावले. निनवे शहराला देवाने माफ केलं म्हणून योना रागावतो आणि शहराबाहेर जाऊन बसतो. त्याच्या डोक्यावर सावलीसाठी वेल उगवतो, आणि एक अळी तो एका दिवसात वाळवते. हे एका दिवसात कसं शक्य आहे, असं कोणीतरी विचारलं. नितीनराव म्हणाले, "आमच्या काटोलले संत्र्याचं असंच होते. झाड वरतून हिरवंगार दिसते, अन् अळी खोडात बसून राहते. वाळलेलं एका दिवशी दिसते, पोखरणं आधीचंच असते." मला ते बोलणं पटलं. त्याचाही मला राग आला.

पुस्तक जिथे संपतं तिथे देव योनाला एक प्रश्न विचारतो आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही. नितीनरावांनी विचारलं, "मग योना आत गेला काय?" मॅडम म्हणाल्या, "लिहिलेलं नाही." इतकंच. पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि उत्तर द्यायची वेळ आली की या बाई गप्प. मी एकदा एकांतात विचारलं, की नितीनरावांचं पुढे काय होईल, ते विश्वास ठेवतील की नाही, नातवंडांचं काय. मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी त्यांना विचारलेलंही नाही. तुम्ही चहाला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. मोबाईलवर दर गुरुवारी मी त्यांना आत घेत होतो, आणि ते घरी आले की पानठेल्यावरच थांबत होते. मॅडमना हे माहीत होतं. त्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला फार महागात पडतं.

या उन्हाळ्यात एका गुरुवारी रूथ घरी आली होती. दुपारपासून लाइट नव्हती. सातला पाच कमी असताना माझा मोबाईल बंद पडला. बायकोच्या फोनमध्ये मीटिंग चालत नाही आणि रूथ आपला फोन तिच्या घरी विसरून आलेली. बावीस माणसं आणि मॅडम बाहेर थांबणार, आणि दारावर मी नाही, या विचाराने मी उठलो. खिडकीशी गेलो. खाली ठेल्यावर नितीनराव होते, हातात चालू मोबाईल.

मी वरून हाक मारली, "नितीनराव, तुमचा फोन घेऊन वर या."

ते आले. दारात उभे राहून म्हणाले, "मामाजी, चपला कुठं काढू?" बायको म्हणाली, "काढा कुठंही, जवाईबापू, आत या पहिले."

त्यांनी फोनवर मी सांगितलेला पासवर्ड टाकला आणि फोन माझ्या हातात दिला. मी एकेकाला आत घेतलं, रांगेने. मॅडमनी पडद्यावर आम्हा दोघांना एका पलंगावर बसलेलं पाहिलं. मला वाटलं, आज तरी काही चांगलं बोलतील.

"सात वाजून चार मिनिटं झाली," मॅडम म्हणाल्या. "उशीर झाला, याकोबभाऊ." मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

हा लेख मी सांगितला तसा नितीनरावांनी टाईप केला आहे. त्यांनी विचारलं, "मामाजी, 'पोट्टा' शब्द काढू काय?" मी म्हणालो, राहू द्या.

मॅडमना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे टिकोत, आणि गुरुवार चालू राहोत. वर जो कोणी दारावर बसला असेल त्याला माझी एक विनंती आहे. यादीत एस्तेर साळवे हे नाव दिसलं तरी बटण दाबायची घाई करू नये. त्यांना बाहेर बसायची सवय आहे. आणि रांगेने घ्यायचं असेल तर त्यांच्या आधी माझा नंबर आहे.