कॉम्प्युटरची खंडेनवमी

खंडेनवमीची सकाळ. जळगावातल्या एका ऑफिसच्या पूजेला मी हजर होते, हातात कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन…

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होते, नशिराबादहून एसटीने ये-जा करायचे. प्रोजेक्टचा विषय मोठ्या हौसेने घेतला होता, ‘ऑफिसात कॉम्प्युटर आल्यावर कर्मचाऱ्यांना काय वाटतं’. पण त्या ऑफिसातून भरून आलेले सगळे फॉर्म सारखेच! कॉम्प्युटर रोज वापरता का? होय. ट्रेनिंग मिळालं का? होय. समाधानी आहात का? होय, होय…

आमच्या सरांनी ते चाळले आणि परत माझ्यापुढे टाकले. “घरी बसून भरलेस ना? दसऱ्यानंतर खरे आण, नाहीतर वर्ष गेलं समज.” घरचे मला एवढं शिकवायलाच कसेबसे तयार झाले होते. वर्ष गेलं असतं तर शिक्षण तिथेच संपलं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून पुन्हा त्या ऑफिसात गेले, तर तिथे पूजा मांडलेली. टाइपरायटर, कपाटं, हिशोबाची मशीनं, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. मी आत शिरले आणि बोलणं बंद झालं. मी हेड ऑफिसची माणूस आहे आणि कोणाला घरी पाठवायचं ते बघायला आलेय, अशी त्यांची पक्की समजूत होती. चहा द्यायचे, पण तोंडाला कुलूप!

पूजा सांगत होते नाना. हेडक्लार्क, मूळचे पारोळ्याकडचे, रिटायरमेंटला आलेले. सगळं आटोपलं तशी त्यांची नजर काचेच्या खोलीकडे गेली. त्या खोलीत चपला काढून जायचं आणि आत कॉम्प्युटर कव्हर घालून बसलेला.

“यानं काय पाप केलं? यालाबी पूजा पाहिजे,” म्हणत नानांनी कव्हर काढलं. कुंकू लावलं, फूल वाहिलं. आणि टाइपरायटरवर शिंपडलं होतं तसंच, तांब्यातलं पाणी सढळ हाताने की-बोर्डवर…

पाणी बटणांच्या फटीत उतरलं.

“हाई काय व्हयनं!” नाना मटकन खुर्चीत बसले. दसरा झाला की हेड ऑफिसचे साहेब नेमका तो कॉम्प्युटर बघायला येणार होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्हाला यातलं कळतं ना?”

काय सांगू… आमच्या कॉलेजात एवढ्या वर्गाला एकच कॉम्प्युटर. माझा नंबर लागेपर्यंत तास संपायचा. पण तेव्हा तोंडातून निघालं, “ऊन दाखवू या.” कुरडयांना दाखवतात तसं! की-बोर्डची वायर काढली आणि आमची वरात गच्चीवर.

जळगावचं ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. वर्षभर शिव्या देतो आपण त्याला, त्या दिवशी मी हात जोडले. एका पंच्यावर की-बोर्ड पालथा आणि भोवती आम्ही सगळे, सुतक असल्यासारखे. माझं तर वर्ष, घर, सगळं डोळ्यांपुढे फिरत होतं.

शेवटी मीच बोलून गेले, “नाना, मला नीट येत नाही हो हे. मलाही भीतीच वाटते.”

नाना माझ्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, “माय, आम्हले तं ते चालूबी करता येत नही. बठ्ठं खोटं शे.” फॉर्ममधलं सगळंच खोटं!

ट्रेनिंगला एकच जण गेला होता आणि त्याची लगेच बदली झाली. तेव्हापासून रिपोर्ट टाइपरायटरवर निघायचे आणि वर कळवायचं, ‘कॉम्प्युटरचा वापर चालू आहे’. येत नाही म्हटलं तर नोकरी जाईल, ही धास्ती. मग काय, एकेक जण बोलायला लागला…

दुपारी की-बोर्ड जोडला. बटण दाबलं, आत बीप झाला. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. सगळ्या कळा चालत होत्या! टाइपिस्ट सुमनताईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

नाना म्हणाले, “येतं तेवढं शिकवशील?” दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, तरी सगळे आले. मला जेवढं येत होतं तेवढंच शिकवलं, चालू कसा करायचा, पत्र कसं टाइप करायचं, बंद कसा करायचा. साहेब आले तेव्हा नानांनी स्वतः चालू करून दाखवला म्हणे. आणि तिथल्या तिथेच “आम्हाला नीट ट्रेनिंग द्या” असंही सांगून टाकलं.

दसऱ्यालाच निघताना नानांनी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि सोबत नव्याने भरलेले फॉर्म. नावाची जागा सगळ्यांनी कोरी ठेवलेली, मीच तसं सांगितलं होतं. ट्रेनिंग मिळालं का? नाही. समाधानी आहात का? नाही. आणि खाली नानांचं वळणदार अक्षर, ‘भीती वाटते. शिकायचे आहे.’

एसटीत बसून ते वाचलं आणि मला रडूच फुटलं. सरांनी ते फॉर्म मान्य केले, वर्ष वाचलं आणि पुढे आयुष्यभर लोकांना ट्रेनिंग द्यायचंच काम केलं. अजूनही पहिल्या तासाला आधी माझी भीती सांगते, मग फॉर्म वाटते. नाना, ते सोनं अजून जपून ठेवलंय हो…