पोपटची बिटं आणि माझं खोटं

पोपट गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला ड्रिल मशीनचं दहा एमएमचं बिट दाखवत होतो. कोल्हारला हायवेच्या कडेला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पोपट माझा शाळेपासूनचा मित्र, पंचवीस वर्षं ड्रिल मशीन घेऊन घरोघर फिटिंगची कामं करणारा. फोनवर त्याचा पुतण्या "काका गेले" एवढंच म्हणाला. मी बरं म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि बिट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. मग शटर ओढलं. त्याला आता सात आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, मित्राच्या चार आठवणी लिहा. लिहितो, पण आठवणी हा बहाणा आहे. पोपट मेल्यावर मी त्याच्याविषयी एक खोटं बोललो, ते मला चारचौघांत मागे घ्यायचं आहे.

बिट घ्यावं तर पोपटनेच. बाकीचे लोक "एक चांगलं बिट द्या" म्हणतात आणि मी देईन ते घेऊन जातात. पोपट आधी बिट माझ्या काउंटरच्या काचेवर घरंगळवून बघायचा. जरा जरी डुगडुगलं तर काही न बोलता परत माझ्याकडे सरकवायचा. मग टोकावर जोडलेली कठीण धातूची टिप उजेडात धरून तिचा जोड नखाने चाचपायचा. भिंतीचं बिट कोणी लोखंडाला लावलं की त्याचं डोकंच फिरायचं. काम सुरू करण्याआधी भिंतीवर बोटं वाजवून तो सांगायचा, इथे वीट आहे, इथे काँक्रीट. त्याप्रमाणे मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके, चालू ठेवायचा किंवा बंद. तापलेलं बिट पाण्यात बुडवणाऱ्या माणसाबरोबर तो पुन्हा काम करत नसे, कारण त्याने टिपेचा जोड सुटतो. संध्याकाळी सगळी बिटं पुसायची, लोखंडाच्या बिटांवरून तेलाचं बोट फिरवायचं आणि त्याच्या बायकोने, लता वहिनींनी, शिवून दिलेल्या कापडी कप्प्यांत मापाप्रमाणे लावायची, हा त्याचा नेम. बोथट झालेलं बिट धार लावायला माझ्या ग्राइंडरवर आणायचा आणि दोन्ही कडा सारख्या उतरेपर्यंत उठायचा नाही. "कडा ल्हानमोठ्या ऱ्हायल्या तर भोक मोठं पडतं शेठ, अन् शिव्या मला बसत्यात," म्हणायचा. मला शेठ म्हणणं ही त्याची थट्टा होती.

एवढी बडदास्त बिटांची. स्वतःची मात्र... भोक पाडलं की आत भुकटी राहते, आणि ती काढल्याशिवाय स्क्रूची प्लॅस्टिकची गिट्टी घट्ट बसत नाही. पोपट खिशातून सलाईनच्या नळीचा तुकडा काढायचा, एक टोक भोकात घालायचा, दुसरं तोंडात धरायचा आणि जोरात फुंकायचा. सगळी भुकटी उलटून त्याच्याच तोंडावर यायची. छताला भोक पाडायचं असलं की घरातल्या बाया म्हणायच्या, "दादा, सोफ्यावर धूळ नको हं." म्हणून त्याने रबरी चेंडू अर्धा कापून बिटावर ओवला होता, म्हणजे भुकटी त्या वाटीत पडावी. लोणी, राहुरी, श्रीरामपूरच्या बंगल्यांतले सोफे त्याने असे स्वच्छ ठेवले. त्या बंगल्यांतलं दहाव्याला एक माणूस आलं नाही. मोबाईलवर मात्र सगळ्यांनी टाकलं, 'देवमाणूस हरपला'. मेल्या म्हशीला मणभर दूध!

पण मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने बोलू? चार वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या जिन्याला रेलिंग बसवायचं काम त्याच्याकडे होतं. पायऱ्या ग्रॅनाइटच्या. आठवडाभर त्यात भोकं पाडून एका दुपारी तो दुकानात आला. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या आणि खोकला थांबत नव्हता. वर खुंटीला टांगलेल्या मास्ककडे बोट दाखवून म्हणाला, "शेठ, त्यो दोन डब्यांचा मास्क दे रं एक. छाती भरल्यावानी व्हती." काउंटरवर दोघे-तिघे कॉन्ट्रॅक्टर उभे होते. मी म्हणालो, "का रे, ऑपरेशन करायला चाललास का? डॉक्टर झालास व्हय? बांध की रुमाल!" सगळे हसले. पोपटही हसला. आठ एमएमचं एक बिट घेतलं, काचेवर घरंगळवून पाहिलं आणि निघून गेला. पुन्हा त्याने मास्कचं नाव काढलं नाही. मला त्यात काही वाचवायचं नव्हतं, मिळवायचं नव्हतं. चार लोक हसावेत, एवढ्यासाठी मी ते बोललो.

पुढे धाप लागू लागली. मशीन डोक्याच्या वर धरवेना. नगरच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, विडी-काडी? तो म्हणाला, "सुपारीसुदिक न्हाई." मग काम काय करता? "भोकं पाडतो." डॉक्टर हसले नाहीत. फुप्फुसात धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. परतताना गाडीत पोपट खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्या मास्कची आठवण त्याने एकदाही काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं, निदान मला शिव्या तरी मिळाल्या असत्या.

दहाव्याला, प्रवरेच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते. लता वहिनी माझ्याजवळ आल्या आणि चारचौघांत त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमच्या दुकानात मास्क असत्यात ना वो? यांना का न्हाई दिला?" मी खाली बघत म्हणालो, "लई सांगितलं वहिनी. तो घ्यायचाच नाही. हट्टी होता." जीभ अडखळलीसुद्धा नाही. वहिनींनी मान हलवली आणि दात-ओठ खात म्हणाल्या, "व्हताच हट्टी. आमची फिकीर कुठं व्हती त्येला!" त्या दिवसापासून त्या भेटेल त्याला हेच सांगतात. माझ्या बायकोलाही सांगितलं. जन्मभर कोणाचंही ऐकून घेणारा तो माणूस, माझ्यामुळे मेल्यावर हट्टी ठरला, तोही स्वतःच्या बायकोच्या नजरेत.

इथवर लिहिलं आणि गेल्या रविवारी हे कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. पेपरात वाचण्याआधी त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं, एवढी तरी लाज शिल्लक होती. पोपटचा फ्रेम केलेला फोटो कोपऱ्यात पेटीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. मी सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर वहिनींनी विचारलं,

"म्हंजी मागितला व्हता त्यांनी..."

"हो."

"अन् मी रोज दिवा लावताना त्या फोटूला शिव्या घालत व्हते. आमाला सोडून गेला म्हून तोंड फिरवून ठिवला."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. उठून फोटो सरळ केला, पदराने काच पुसली आणि समोरच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, बोट ठेवलं.

"हितं भोक पाडायचंय. मानूस पाठवा," त्या म्हणाल्या. "अन् त्येला मास्क देऊन पाठवा."