शाकाहारी आप्पांची शुगर

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, त्यामुळे वडिलांना, म्हणजे आप्पांना, शुगर निघाली तेव्हा ते डॉक्टरांवरच भडकले. "आमी शाकाहारी मानसे! आमले शुगर कशी काय व्हयनी?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आप्पा, काल काय काय खाल्लं?" आप्पांनी छाती फुगवून सांगितलं, तर्रीदार शेवभाजी, केळीचे वेफर्स आणि वर दोन ग्लास उसाचा रस. "सगळं झाडाझुडपानंच शे!" मला असं हसू फुटलं की बाहेर बाकड्यावर जाऊन बसावं लागलं.

त्याच दिवशी आईने तेलाचा डबा माळ्यावर चढवला. रोज ज्वारीची भाकरी, चवळी, मूग, अंबाडीची भाजी. आप्पा चिडचिड करत जेवायचे, पण शुगर खरंच उतरली. त्या आनंदात आम्ही सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला गेलो आणि आप्पांनी पहिल्याच दुकानातून गरम जिलबीचा पुडा घेतला. समोर एक पांढराशुभ्र घोडा भिजवलेले हरभरे चघळत उभा होता. आप्पा थबकले.

"हाऊ बी जनमभर शाकाहारीच शे," ते म्हणाले, "पन जिलबी नही खास. म्हनीसनच इतला जोरमा पयस!" आणि जिलबी न खाल्ल्यानेच घोडा एवढा जोरात पळतो हे पटल्यासारखा पुडा माझ्या हातात कोंबून ते पुढे निघाले.

मी पुडा उघडला, तर घोडा माझ्याकडेच बघत होता.