भाऊजींनी हात आवरला त्या वर्षीची मारबत

माझ्या भाऊजींनी, म्हणजे वंदनाताईच्या नवऱ्यानं, माझ्यासमोर पहिला मार दिला तो स्वतःच्या लग्नात. बँडवाला मध्येच थांबून चहा प्यायला बसला, तर नवरदेव मुंडावळ्यांसकट उठला आणि त्याच्या कानशिलात ठेवून दिली. असा जबरदस्त भाऊजी मिळाला म्हणून मला तेव्हा अभिमान वाटला होता. दोन वर्षांनी ताई राखीला माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर हिरवेनिळे वळ होते. तेव्हापासून मला त्या माणसाचा राग आहे. आणि तोंडावर मी त्याला कधी काही बोललो नाही, म्हणून स्वतःचा त्याहून जास्त राग आहे.

तेजराम फुंडे त्यांचं नाव. गोंदियाकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून भिलाईला आले आणि स्टील प्लांटात कोक ओव्हनला लागले. तिथं भट्ट्यांच्या छतावर उभं राहून काम करायचं. खालून आग एवढी की बुटांखाली लाकडी खडावा बांधाव्या लागतात, नाहीतर तळवे भाजतात. अशी चौतीस वर्षं काढली. लोक म्हणत, त्या आगीनं माणूस असा झाला. मी म्हणतो, त्याच छतावर आणखी शेकडो माणसं होती, ती काही बायकोला मारत नव्हती. झिजलेल्या खडावांचा एक जोड त्यांनी घरी आणून दाराआड ठेवला होता. मुलगा गोलू नववीत नापास झाला त्या दिवशी त्यातली एक त्याच्या पाठीवर तुटली. खडाव तुटली म्हणून भाऊजी आणखीच चिडले.

असं असूनही गोलू गरीब गाय निघाला. सत्तावीस वर्षांचा झाला, पण वर मान करून बोलणं नाही. ज्या प्लांटात बाप पक्का कामगार होता, त्याच प्लांटात हा सहा वर्षं ठेकेदाराकडे राबत होता. हेल्मेट घातलेले बापाचे जुने सोबती याला "ए ठेका" म्हणून हाक मारत. यंदा मात्र तो पक्क्या नोकरीची परीक्षा पास झाला. मेडिकलही झालं. आता फक्त पोलिसांची चारित्र्याची चौकशी राहिली होती. घरावर एखादा गुन्हा, एखादी मारामारीची तक्रार दिसली की कागद अडकलाच म्हणून समजा.

ताईनं भाऊजींना देवघरासमोर उभं केलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांना कसली अट घातल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"पोराच्या डोक्शावर हात ठेवा," ती म्हणाली. "चौकशी होयेपर्यंत कोणाले हात लावीन नाही, असं म्हणा."

"मी काय रोज मारून राहिलो का कोणाले?"

"म्हणा."

भाऊजींनी गोलूच्या डोक्यावर तो जाडजूड पंजा ठेवला. गोलूनं सवयीनं मान आत ओढली. "नाही लावत जा," भाऊजी म्हणाले.

आणि नेमका हाच महिना असा आला की साधूचंही डोकं फिरावं. तिकडे आखातात लढाई पेटलेली, तेलाची जहाजं समुद्रात अडकलेली. इकडे भिलाईत आमच्या रुआबांधा वस्तीत गॅसच्या सिलिंडरसाठी पहाटेपासून रांगा, पेट्रोल पंपावर दोरी बांधलेली. मी चरोद्याच्या यार्डात रेल्वेत आहे. भाऊजी रोज सकाळी मला फोन लावत, "साळेबुवा, तेलाची रॅक आली का?" जसं काही मीच ती टँकरची मालगाडी खिशात घालून फिरत होतो. मग दिवसभर टीव्हीसमोर बसून जगाचा नकाशा पाहायचा आणि कोणत्या देशानं काय करायला पाहिजे होतं ते ताईला सांगायचं. ताई सिगडी फुंकत हो हो म्हणायची. धुरानं तिचे डोळे लाल झालेले, आणि हे तिला सामुद्रधुनी समजावून सांगत होते.

एकदा गॅसच्या रांगेत मी त्यांच्याबरोबर होतो. तीन तास उभे होतो. आमचा नंबर आला आणि एक पोरगेला माणूस बाजूनं घुसला, स्वतःचं सिलिंडर दाणकन पुढं ठेवून म्हणाला, "चल बुढ्ढे, पीछे." मी डोळेच मिटले. म्हटलं आता याचे दात गोळा करायचे. काहीच आवाज झाला नाही म्हणून डोळे उघडले, तर भाऊजींनी दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत गच्च धरले होते. कपाळाची शीर टरारली होती. ते वळले आणि रिकामं सिलिंडर खांद्यावर टाकून तसेच घरी निघाले. वाटेत मी म्हटलं, "भाऊजी, तब्येत बरी हाय ना?" ते म्हणाले, "चूप राय साळ्या, नाहीतं शपथ तुह्यावरच मोडन."

खरं सांगतो, त्या दिवशी मला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

पण गल्लीत मोनू होता. हा आमच्याकडचाच पोरगा, आता पस्तिशीचा, एका पक्षाचं वॉर्डातलं काम पाहणारा. मागच्या निवडणुकीत त्यानं भाऊजींच्या भिंतीवर न विचारता पोस्टर चिकटवलं, तेव्हा भाऊजींनी त्याला त्याच्याच माणसांसमोर दोन लगावल्या होत्या. मोनू ते विसरला नव्हता. शपथेची बातमी गल्लीभर झाली तसा तो रोज संध्याकाळी भाऊजींच्या फाटकाशी येऊन उभा राहायला लागला. "काकाजी, तेल नहीं है बोलनेवाले सब देशद्रोही हैं, सुना?" असं मोठ्यानं म्हणायचा. भाऊजी आत जाऊन दार लावून घ्यायचे. दाराला आतून एक बुक्का बसल्याचा आवाज यायचा, बस.

पोळ्याच्या दोन दिवस आधी हवालदार चौकशीला आला. शेजाऱ्यांना विचारलं, चहा प्याला, ताईच्या हातचा चिवडा खाल्ला. जाताना म्हणाला, "लड़का सीधा है. सोमवार को रिपोर्ट भेज दूँगा." ताईनं त्याच्या पाठमोऱ्या मोटारसायकलला हात जोडले. म्हणजे आता चार दिवस काढायचे होते.

आता मारबतीचं सांगितलं पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पूर्व विदर्भात मारबत काढतात. कागदाचा, बांबूचा बाईचा एक पुतळा करायचा, वर्षभराची रोगराई, साडेसाती त्याच्या नावानं ओरडून बाहेर घालवायची आणि गावाबाहेर नेऊन त्याला जाळून टाकायचं. बरोबर बडगे असतात, म्हणजे पुरुषाचे पुतळे, ज्या साली जी पीडा असेल तिच्या रूपाचे. रुआबांध्यात आमची, म्हणजे तिकडून आलेल्यांची, वीसेक घरं आहेत. बडग्या दरवर्षी भाऊजीच करायचे, आणि झकास करायचे. मारायच्या हातांत तेवढी एक कला होती.

ताई म्हणाली, "यंदा राहू द्या. सोमवार जाऊ द्या, मंग काय करायचं ते करा."

"मारबत काय भांडन हाय का?" भाऊजी म्हणाले. "उलट पोराची पीडा जाईन. यंदाच नाही काढली तं ते घरातच बसन ना!"

मीही म्हटलं, काढू द्या. इथं मी चुकलो, ते मान्य करतो. ज्या माणसाला वाद नको त्यानं त्या दिवसांत एक पुतळा जाळायला रस्त्यावर आणू नये, एवढं साधं मला सुचलं नाही. आम्हाला तो कोणाचा पुतळा वाटतच नव्हता. तो आमचा बडग्या होता.

बडग्या मात्र फर्मास झाला. डोकं म्हणजे तेलाचा रिकामा पिपा, त्याला कोळशानं मिशा. गळ्यात गॅसच्या जुन्या नळ्यांची माळ, छातीवर पाटी, 'तेलाची टंचाई'. उघडा बरा दिसेना म्हणून भाऊजींनी स्वतःचा पांढरा कुर्ता त्याला चढवला. सकाळी दहाला आम्ही निघालो. पुढं भाऊजी, मागं बडग्याचा बांबू धरून गोलू, त्याच्या मागं मी आणि गल्लीतली मंडळी.

"गॅसची लाइन घेऊन जाय गे मारबत!"

"आखाताची लढाई घेऊन जाय गे मारबत!"

लोक हसत होते. गोलूसुद्धा हसत होता, आणि त्याला मोठ्यानं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मैदानाच्या तोंडाशी मोनू चार माणसं घेऊन आडवा आला. एकाच्या हातात मोबाइल, शूटिंग चालू. "हमारे नेताजी का पुतला जलाओगे? उन्हीं का कुर्ता पहनाया है!"

"अरे, हा बडग्या होय," भाऊजी शांतपणे म्हणाले. "लहानपनी तूच याच्या मागं ओरडत धावत होता. कुर्ता माहा हाय, झिजलेली कॉलर पाह्य."

मोनूला सगळं माहीत होतं. त्यानं भाऊजींना थोबाडीत मारली.

भाऊजींचे हात पाठीमागं गेले. मोनूनं दुसरी मारली. तिसरी मुठीनं, नाकावर. मी पुढं झालो तर दोघांनी मला धरलं. भाऊजींच्या नाकातून रक्त ओठांवर आलं, ते थुंकून त्यांनी ओरडून सांगितलं, "कोनी हात लावू नका! कोनी नाही! गोलू, तू घरी जाय!" मोनूनं पोटात लाथ घातली. भाऊजी विटांच्या ढिगाऱ्यावर पडले आणि भुवई फुटली. पडल्यावरही त्यांनी एक हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. चौतीस वर्षं आगीवर उभा राहिलेला तो माणूस पोराच्या कागदासाठी आडवा पडून लाथा खात होता. मी रडत होतो, शिव्या देत होतो, दोन्ही.

गोलूनं बडग्या खाली ठेवला. आदळला नाही, नीट आडवा ठेवला. मग चालत गेला आणि डाव्या हातानं मोनूची कॉलर धरून उजवी मूठ खालून वर मारली.

ते मारणं माझ्या ओळखीचं होतं. पाय तसेच रोवलेले, मारताना दात तसेच आवळलेले. पहिल्याच ठोशात मोनूच्या जबड्याचा आवाज झाला. तो खाली बसला तरी गोलूनं कॉलर सोडली नाही. पुन्हा मारलं. पुन्हा. मोनूबरोबरचे चौघे मागं सरकले, एकजण पळालाच. मोनूनं हात जोडले तर जोडलेल्या हातांवर मारलं. मग बडग्याचा बांबू ओढून घेतला. पिपा घरंगळत गेला. बांबूचे किती घाव बसले सांगता येत नाही, प्रत्येक घावाला मोनूचं अंग उडत होतं आणि मग उडेनासं झालं. गोलूच्या तोंडून शब्द नव्हता. शेवटी भाऊजीच रक्तानं माखलेले उठले आणि त्याला मागून कव घालून लोळले. "बस रे बाप्पा, बस, मरन तो," असं म्हणत होते. मुलगा बापाच्या मिठीतून सुटायला धडपडत होता, आणि त्यांना त्याला आवरणं जमत नव्हतं.

मोनू जगला. जबडा तीन ठिकाणी तुटला, एक डोळा राहील की जाईल ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

ठाण्यात भाऊजी टेबलापुढं ताठ उभे राहिले. "मी मारलं साहेब. माहं नाव लिवा. साऱ्या रुआबांध्याले विचारा, मारनारा मीच हावो." त्यांच्या खोट्याला त्यांच्याच आयुष्यभराची साक्ष होती. कोणीही विश्वास ठेवला असता. पण चिवडा खाऊन गेलेला तोच हवालदार मोबाइल पुढं करून म्हणाला, "चाचा, सब वीडियो में है." त्यानं फायलींच्या गठ्ठ्यातून गोलूचा चौकशीचा कागद काढला आणि वेगळा ठेवला. तो पूर्ण भरलेला होता, फक्त खाली सही राहिली होती.

दुपारी ताई डबा घेऊन आली. लॉकअपच्या गजांशी आम्ही तिघं उभे होतो. गोलूच्या बोटांची सालपटं निघाली होती. तो खाली पाहत म्हणाला, "आई, बाबा मार खाऊन राहिले होते. मले पाहवलं नाही."

ताई रडली नाही. मला वाटलं ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवील.

"मले पाहवत होतं का रे?" ती म्हणाली. "तू चार वर्साचा होता तवापासून मार खात होता, आन मी तिथंच उभी राहून पाहत होती. माही बी मूठ वळत होती. मी कोनाचा जबडा तोडला?"

हे ती गोलूला म्हणत होती, पण भाऊजी तिच्या अगदी शेजारी होते. माझ्या मनात इतकी वर्षं जे होतं ते तिनं आज ठाण्यात, पोलिसांच्या देखत म्हटलं होतं. मला बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली, कारण गजांच्या आत आमचं पोर होतं.

 भाऊजींनी ताईच्या हातातून डबा घेतला आणि गोलूसाठी झाकण काढायला लागले. झाकण काही केल्या निघेना. ताई पाहत राहिली. तिनं डबा त्यांच्या हातून घेतला नाही.