चाचांच्या डब्यातले बिल्ले

परवा रिंग रोडवरच्या एका नव्या गोदामात मला जुना हमाल म्हणून भाषणाला बोलावलं होतं. विषय होता कर्मचाऱ्यांची प्रगती आणि मनोबल. निळ्या टी-शर्टातली पोरंपोरी रांगेनं बसली होती आणि समोरच्या भिंतीवर ‘या महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ म्हणून एका पोराचा फोटो लावला होता. फोटोला झेंडूचा हार. आमच्याकडे कुणाच्या फोटोला हार घालतात ते सगळ्यांना माहीत आहे. माझं डोकंच फिरलं. काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही, पण आयोजकांनी चहाचंही न विचारता मला गाडीत बसवून दिलं. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. माझा राग जुना आहे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागलेल्या, पाट्यांचा रंग ओला आणि नळ मात्र कोरडे. दुष्काळ होता. रोजगार हमीच्या कामावर मजुरीत गहू द्यायचे, आणि तो गहू ठेवायला गावाबाहेर नवं गोदाम उघडलं होतं. मी मूळचा उमरीचा, नांदेडात एका गोदामात हमाली करायचो. नव्या ठिकाणी तयार हमाल पाहिजेत म्हणून आमची आठ जणांची टोळी लातूरला नेली. उद्घाटनाला आलेल्या एका पाहुण्यानं भाषणात सांगितलं, की जो वर्षभर हजेरीवर टिकेल त्याला कायम करू. कायम हा शब्द ऐकला आणि आम्ही तिथंच विरघळलो.

चाचा माझे जोडीदार. नायगावचे, माझ्या बापाच्या वयाचे, आणि बापापेक्षा जास्त रागावणारे. हमालीत जोडीदार म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. क्विंटलचं पोतं एकट्याला स्वतःच्या पाठीवर घेता येत नाही. एकानं वाकून पाठ द्यायची, ‘हात लाव’ म्हणायचं, आणि दुसऱ्यानं पोत्याचे कान धरून ते बरोबर जागेवर टेकवायचं. जरा इकडचं तिकडं झालं की मणका गेला. म्हणून टोळीचा नियम होता, जोडीदाराशिवाय कुणाच्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही. आपला मणका ज्याच्या हातात द्यायचा तो माणूस ठरलेला असावा. मला हे काम चाचांनीच शिकवलं होतं, शिव्या देऊन देऊन.

गोदामाचे साहेब पुण्याकडून आले होते. दोन शेडपैकी एकीवर पत्रे पडले होते, दुसरी उघडीच होती. ट्रक मात्र येतच होते, आणि एकही ट्रक उभा दिसता कामा नये असा साहेबांचा हट्ट. मग एकाच शेडमध्ये थप्पीवर थप्पी. आमचा मुकादम दोनदा म्हणाला, “साहेब, लई उंच झाली, ढासळंल.” साहेब म्हणाले, काही होत नाही, चढवा. थप्पी ढासळली आणि वर उभे असलेले चाचा पोत्यांसकट खाली आले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता ओझं उचलायचं नाही, उचललं तर पाय जातील.

साहेबांना आम्ही सांगितलं, पाय मुरगळलाय. रोजंदारीवरच्या माणसाची कंबर मोडली की त्याचं नाव हजेरीतून जातं, हे आम्हाला ठाऊक होतं. आणि नायगावला परत जाऊन चाचा करणार काय होते? खडी फोडणार? वर्ष पुरं व्हायला थोडेच महिने राहिले होते. तेवढे कसेतरी ढकलायचे आणि कायम झाले की बसून करायचं काम मागायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. चाचा शेडच्या मागं सावलीला बसून फाटकी पोती शिवायचे आणि तेवढ्यापुरता माझ्या पोत्याला मुकादम हात लावायचा. साहेब पंख्याखालून उठत नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कोणती शेळी लंगडते ते दिसत नाही, आणि त्यावरच आमचं चाललं होतं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून साहेबांना आमचं मनोबल आठवलं. त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि म्हणाले, तुमचा विकास झाला पाहिजे. प्यायच्या पाण्याचा पिंप दुपारपर्यंत रिकामा व्हायचा, त्याबद्दल एक शब्द नाही. विकास म्हणजे असा, की प्रत्येक पोत्यामागं कारकून एक पत्र्याचा बिल्ला देणार. दाराजवळ खिळ्यांना आठ डबे, प्रत्येकाला वेगळा रंग, ज्यानं त्यानं आपल्या डब्यात बिल्ला टाकायचा. महिनाअखेर ज्याचे सगळ्यात जास्त, तो आदर्श हमाल. त्याचा फोटो भिंतीवर आणि जिल्हा कचेरीतल्या पाहुण्यांसमोर सत्कार. ज्याचे सगळ्यात कमी, त्याला घरी पाठवायचं. “स्पर्धा असली की माणूस वाढतो,” साहेब म्हणाले.

संध्याकाळी भाकरी खाताना एकानं विचारलं, “चाचा, मनोबल म्हंजी काय वं?”

“मन त्यायचं, बळ आपलं,” चाचा म्हणाले. आम्ही हसलो, पण त्यांनी पुढची भाकरी घेतली नाही. सगळ्यात कमी बिल्ले कुणाचे होणार ते सांगायला जोतिषी लागत नव्हता.

चाचांचा डबा पिवळा होता. दुसऱ्याच दिवसापासून मी माझे काही बिल्ले त्यात टाकायला लागलो. कारकुनाची पाठ वळली की टाकायचे. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की उपकार होतो, आणि चाचांना उपकाराची चीड होती. त्यांना एवढंच दिसायचं की आपला डबा अगदीच रिकामा नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोती शिवल्याचेही बिल्ले कारकून टाकतो. त्यांचा विश्वास बसला नसावा.

महिना संपला. साहेबांच्या टेबलावर डबे पालथे केले. पिवळ्या डब्यातले बिल्ले टेबलावर मावेनात, खाली फरशीवर सांडले. चाचा पहिले आले होते. मी टोळीकडे बघितलं तर एकजण पायाकडे बघतोय, एकजण छताकडे. ज्यानं मला आयुष्यात कधी चिमूटभर तंबाखू दिली नाही तो सुद्धा दाराबाहेर बघत उभा होता. प्रत्येकाला वाटलं होतं, आपणच तेवढे टाकतोय, थोडे जास्तच टाकावेत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. चाचांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. “येड्याहो,” ते हळूच म्हणाले, “काय करून ठिवलाव हे.” त्यांचे डोळे भरले होते.

त्या घटकेला मला हसू आलं होतं हे खरं आहे. वाटलं, साहेबाची कशी जिरवली.

सत्काराला शेडसमोर मांडव घातला. पाहुण्यांसाठी बर्फ घातलेलं सरबत आलं. ते पाणी कुठून आलं असेल या विचारानं माझं अर्धं डोकं तेव्हाच तापलं होतं. चाचांच्या गळ्यात हार, मागं भिंतीवर चाचांचा फोटो. साहेब माईकवर म्हणाले, वयानं सगळ्यात मोठा आणि कामात सगळ्यात पुढे, हे आमच्या योजनेचं यश आहे. टाळ्या पडल्या. मग एक पाहुणा खुर्चीतून म्हणाला, “वा, चाचा, एक पोतं उचलून दाखवा की. आम्हाला पण बघू द्या.” साहेबांनी लगेच आमच्याकडे बघून चुटकी वाजवली. फोटोवाला पुढं येऊन बसला.

दोन पोती आडवी ठेवून त्यांच्यावर तिसरं ठेवलं. चाचांनी हार काढून खुर्चीवर ठेवला. गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतली. पोत्याकडे पाठ करून वाकले, गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाले, “हात लाव.”

मी पोत्याचे कान धरले. त्यांची उजवी पोटरी थरथर कापत होती. मी कान सोडून दिले.

“लाव की,” चाचा हळू आवाजात म्हणाले. “कायम व्हायचंय मला.”

“न्हाई लावत.”

साहेबांनी दुसऱ्याला खूण केली. तो हलला नाही. तिसराही हलला नाही. जोडीदारानं सोडलेल्या पोत्याला कोण हात लावणार? साहेब जवळ आले आणि दात खात म्हणाले, हा काय तमाशा लावलाय. मग मात्र माझं तोंड सुटलं.

“त्यायची कंबर मोडलीया, साहेब. तुमच्याच थप्पीवरून पडून मोडलीया. पोतं बघायची हौस आसंल तर तुमी वाका. तुमच्या पाठीवर ठिवतो.”

एका पाहुण्यानं घड्याळ बघितलं. थोड्या वेळानं पाहुण्यांची जीप गेली. चाचा अजून तसेच वाकलेले होते. मी धरायला गेलो तर त्यांनी माझा हात झटकला आणि पोत्याला धरून स्वतःच सरळ झाले.

सकाळी पिवळ्या डब्याचा खिळा रिकामा होता. मला आत बोलावलं. मला वाटलं, आपलाही डबा गेला. पण साहेब खूश होते. म्हणाले, “तू खरं बोललास, निकामी माणूस उघडा पाडलास. अशी माणसं संस्थेला पाहिजेत. पुढच्या महिन्यात तुझा फोटो लावू.” चाचांचा फोटो भिंतीवरून उतरवून झाला होता, फ्रेम टेबलावरच होती. मी ती उचलून त्यांच्यासमोर आपटली. काच फुटली. त्यांनी मला कामावरून काढलं नाही, कारण बाहेर ट्रक उभे होते. पुढं त्या माणसाला बढती मिळाली आणि बिल्ल्यांची योजना दुसऱ्या गोदामांतही गेली, असं कानावर आलं. मला अजून राग आहे. तीच वेळ परत आली तर मी तेच बोलेन, एक शब्द कमी करणार नाही.

चाचांना गाठायला मी तसाच बसस्टँडवर पळालो. नायगावकडची गाडी लागली होती. त्यांची पत्र्याची पेटी पायाशी होती.

“एक पोतं उचललं आसतं मी,” ते म्हणाले.

“मेला आसता, चाचा.”

“मेलो आसतो तर कामावर मेलो आसतो. बायकोला काईतरी मिळालं आसतं. आता तिला काय सांगू?”

गाडीचा हॉर्न वाजला. मी पेटी धरायला वाकलो.

“हात लावू नको,” चाचा म्हणाले.

शेजारी एक माणूस पान खात उभा होता. कोण होता, कुठला होता, कुणास ठाऊक. चाचा त्याच्यासमोर वाकले, पाठ दिली आणि म्हणाले, “भाऊ, जरा हात लावता का?” त्यानं पेटी कशीतरी वाकडी त्यांच्या पाठीवर टेकवली. मी शेजारीच उभा होतो.